मोटारीचा चातुर्मास

यंत्र वापराने झिजते, हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु ते न वापरल्याने अधिक लवकर बिघडते, हे सांगूनही सहसा कोणाच्या गळी उतरत नाही. विश्रांती म्हणजे काही न करणे, अशी आपली मनुष्यांविषयी समजूत असते, आणि तीच समजूत आपण घरातील घड्याळ, शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप व मोटार यांच्यावरही लादतो. २०२० सालच्या टाळेबंदीत पुण्यातील घराघरांच्या आवारांत मोटारी महिनेच्या महिने जागच्या जागी उभ्या होत्या. रस्त्यावर गेल्या नाहीत, म्हणजे त्या सुखरूप असणार, असे मालकांस वाटत होते. पुढे बंधने सैल झाल्यावर किल्ली फिरविली, तो कोणाची बॅटरी मेलेली, कोणाचे टायर बसलेले, तर कोणाच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या. न केलेल्या प्रवासाचा एवढा खर्च त्यापूर्वी कोणास आला नसेल.

ती सक्तीची आणि अनपेक्षित विश्रांती होती. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे देश आहेत की, जेथे मोटारीला दरसाल ठरलेल्या वेळी निजवावे लागते आणि ठरलेल्या वेळी उठवावे लागते. यंदाच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कॅनडाची राजधानी ओटावा येथे आमच्या धाकट्या बंधूंकडे गेलो होतो, तेव्हा हा संस्कार आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. पाहावयास म्हणण्यापेक्षा करावयास मिळाला, हे म्हणणे अधिक यथार्थ होईल. इकडे कार्तिकी एकादशीला पंढरीचा देव चार महिन्यांच्या निद्रेतून उठतो. तिकडे नेमक्या त्याच सुमारास बंधूंची मोटार झोपी जाते, आणि तिचा चातुर्मास चांगला पाच-सहा महिन्यांचा असतो.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, सगळ्याच मोटारी काही तेथे अशा निजत नाहीत. रोजच्या कामाची मोटार हिवाळाभर धावतच असते. तिला हिवाळी टायर चढवितात. ओटावा नदीपलीकडे क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अलीकडे ओंटारिओत तशी सक्ती नाही, तरी शहाणी माणसे सक्तीवाचूनच ते चढवितात. निजवितात ती हौसेची मोटार. बंधूंची अशी हौस म्हणजे माझ्दा कंपनीची मियाटा नावाची १९९४ सालची तांबडी मोटार. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती जुन्यातच घेतली. दोन माणसांपुरती जागा, वर कापडी टप, आणि टपाला मागे काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. (माझ्दा हे नाव संस्थापक मात्सुदा यांच्या नावावरून जसे आले, तसे पारशी लोकांच्या अहुर मज्दावरूनही आले, असे ती कंपनीच सांगते. मुंबईच्या माणसास हिरोशिमाच्या मोटारीविषयी एकदम आपलेपणा वाटावा, एवढे हे कारण पुरेसे आहे.)

एरवी हे सगळे काम बंधू एकट्याने करीत. यंदा त्यांस ते करावयाचे नव्हते. हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणाऱ्या झडपेला तीन पाकळ्या असतात; बंधूंच्या झडपेला जन्मापासून दोनच आहेत. पन्नाशीपर्यंत त्या दोघींनी तिघींचे काम ओढले आणि मग त्या ताठर होऊ लागल्या. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया डिसेंबरात ठरली आहे. तोवर जड उचलावयाचे नाही, ओणवे होऊन जोर लावावयाचा नाही आणि मोटार चालवावयाची नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा आहे. आम्ही सुटीचे निमित्त करून गेलो होतो ते खरे म्हणजे याचसाठी. परंतु घरात त्या विषयावर कोणी फारसे बोलत नव्हते. बंधूंनी पहिल्याच दिवशी एकदा म्हणून घेतले, "दादा, माझ्या मोटारीला सोळा झडपा आहेत आणि मला चारच. त्या सोळांतली एकही तीस वर्षांत बिघडली नाही." त्यावर काय बोलावे हे न सुचून आम्ही मोटारीची चौकशी केली, आणि अशा रीतीने त्या कामावर आमची नेमणूक झाली. आमचा सारा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेलेला. पान्हा हाती धरण्याचे प्रसंग फारसे आलेले नाहीत. परंतु बंधू स्टुलावर बसून सांगणार आणि आम्ही करणार, अशी योजना होती; आणि बंधू चांगले सांगतात.

पहिले काम स्नानाचे. निजण्यापूर्वी अंग धुवावे, हा नियम मोटारीला माणसापेक्षा अधिक लागू आहे, कारण तेथील रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. बर्फात मीठ मिसळले की ते शून्याखालीही काही अंशांपर्यंत वितळते, म्हणून हा खटाटोप. ओंटारिओतच गोडरिच नावाच्या गावी ह्यूरन सरोवराच्या तळाखाली मिठाची खाण आहे. जगातील भूमिगत मिठाच्या खाणींत तीच सर्वांत मोठी होय. ज्या देशाने मूठभर मिठासाठी दांडीपर्यंत पायपीट केली, त्या देशाच्या माणसास रस्त्यावर मिठाच्या राशी ओतलेल्या पाहून कसेसेच होते. पण तो आमचा भाबडेपणा. मोटारीला मात्र ते मीठ खरोखरच बाधते. त्याचे पाणी खालच्या पत्र्याच्या सांध्यासांध्यांत शिरते आणि हिवाळाभर गुपचूप पत्रा खात बसते. म्हणून रस्त्यावर मिठाचा पहिला कण पडण्यापूर्वीच मोटार आत गेली पाहिजे, आणि तीही पोटाखालून स्वच्छ धुऊन. आम्ही नळीने तिचे पोट धुतले, चाकांच्या कमानींतील चिखल काढला, वरून मेणाचा हात दिला. पक्ष्यांची विष्ठा रंगावर तशीच राहिली तर वसंतात तेथे कायमचा डाग पडतो, म्हणून बंधूंनी एक ठिपकाही राहू दिला नाही.

नंतर पेट्रोलच्या पंपापर्यंत शेवटची फेरी. टाकी काठोकाठ भरावयाची असते. रिकामी जागा राहिली तर तेथील दमट हवेचे थंडीत पाणी होते, आणि ते टाकी गंजविते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात मद्यार्क असतो, तोही ओल ओढून घेतो. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन चिकट राळ धरते, म्हणून ते टिकविणारे औषध टाकीत घालतात आणि मग थोडी मोटार चालवितात, म्हणजे औषध पेट्रोलाबरोबर थेट इंजिनापर्यंत पोचते. मोटार दोघांचीच. भावजय चालविणार आणि बंधू शेजारी बसणार. आम्ही अर्थातच घरी राहिलो. पंप घरापासून पाच मिनिटांवर आहे. त्या दोघांस परत यावयास पाऊण तास लागला. नदीच्या काठाकाठाने मेपलची पाने गळून गेलेला एक रस्ता आहे, तिकडून आलो, एवढेच भावजयीने सांगितले. थंडी असूनही टप उघडा होता, आणि दोघांची नाके लाल झाली होती.

इंजिन गरम आहे तोवर तेल बदलावयाचे. आम्हांस वाटे की, तेल वसंतात बदलावे, म्हणजे नव्या वर्षाला नवे तेल. बंधूंनी समजावून सांगितले की, वापरलेल्या तेलात जळिताचे आम्ल आणि ओल मिसळलेली असते. तीन महिने धावणाऱ्या मोटारीस ते फारसे बाधत नाही, पण सहा महिने उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटात ते तसेच ठेवणे म्हणजे खरकटी भांडी मोरीत टाकून गावाला जाण्यासारखे आहे. ही उपमा त्यांची. त्यांच्या मराठीला तिकडच्या पस्तीस हिवाळ्यांनी गंज चढविलेला नाही.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची कथा मोठी मनोरंजक आहे. नुसते पाणी शून्य अंशास गोठते आणि गोठताना सुमारे एक एकादशांशाने फुगते. एवढ्या फुगण्याने ओतीव लोखंडाच्या इंजिनाची भिंत तडकते. म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. मौज अशी की, नुसते ग्लायकॉलही उणे तेराच्या आसपास गोठते. परंतु दोन्ही निम्मेनिम्म मिसळली तर ते मिश्रण उणे सदतीसापर्यंत गोठत नाही. एकेकटी दोन्ही दुबळी, आणि एकत्र आली की ओटावाच्या जानेवारीला पुरून उरणारी! आमच्या वर्गात आम्ही असल्या उदाहरणाला खचित काही तरी सुभाषित जोडले असते. बंधूंनी काचेच्या लहानशा नळीत थोडे मिश्रण ओढून तरंगणारे मणी मोजले आणि "चालेल" एवढेच म्हटले.

बॅटरी या मोटारीत पुढे नसून मागे डिकीत असते. ती काढून घरात नेली आणि मंद गतीच्या चार्जरला जोडून ठेवली. भरलेली बॅटरी उणे पन्नासातही गोठत नाही. रिकामी झालेली मात्र शून्याच्या थोडी खाली जाताच गोठून फुटू शकते. टायरांत नेहमीची २६ पौंडांची हवा असते, ती वाढवून ३८ केली, म्हणजे एकाच जागी भार पडून त्यांस चपटेपणा येत नाही. हँडब्रेक मात्र लावावयाचा नाही. सहा महिने आवळून धरलेले ब्रेक गंजून तसेच चिकटून बसतात. त्याऐवजी मोटार गिअरमध्ये ठेवून चाकांस लाकडी ठोकळे लावले. टप वर ओढून ठेवला, कारण दुमडलेली प्लॅस्टिकची खिडकी थंडीत कडक होऊन घडीवरच तडकते. विम्याच्या कंपनीस कळवून आग आणि चोरी यांपुरताच विमा ठेवावयाचा असतो; ते काम भावजयीने आधीच उरकले होते.

राहता राहिले उंदीर. तिकडचे उंदीर आपल्याकडच्यांइतके धष्टपुष्ट नसतात. पांढऱ्या पोटाचे, मोठ्या डोळ्यांचे, दिसावयास गोजिरवाणे. परंतु मोटार म्हणजे बिनभाड्याचा बंगला, हे त्यांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आसनातील कापूस, हवेच्या गाळणीतील कागद, तारांवरील वेष्टन, सर्व काही त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीस उपयोगी पडते. त्यांचा मार्ग अडविण्यास भांडी घासावयाची तारेची घासणी लागते. तिचे बोळे करून एक धूर सोडणाऱ्या नळीत आणि एक हवा आत घेणाऱ्या नळीत घट्ट बसविला. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात की नाही, यावर नवराबायकोत वीस वर्षांचा जुना वाद आहे. भावजयीचे म्हणणे असे की, उंदीर जातात की नाही ते देव जाणे, पण जूनपर्यंत मोटारीत बसले की आजीच्या ट्रंकेत बसल्यासारखे वाटते. यंदा बंधूंनी तो वाद घातला नाही. गोळ्या ठेवल्या नाहीत.

चहा पिताना आम्ही एक बाळबोध प्रश्न विचारला. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी दहा मिनिटे इंजिन चालू केले, तर या सगळ्या उपद्व्यापाची गरज राहणार नाही, नव्हे का? बंधू म्हणाले, पुष्कळांस असेच वाटते, आणि त्यानेच मोटारी मरतात. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटांत ते तापत नाही, आणि पाणी तेलात आणि नळकांड्यांत साचून राहते. "निजवायची तर पुरती निजवावी, दादा. मध्ये मध्ये हलवून जागी आहेस का असे विचारू नये."

निजण्यावरून गोष्ट ग्राउंडहॉगवर गेली. हा घुशीहून बराच मोठा, ढेरपोट्या, बिळात राहणारा प्राणी. बंधूंच्या कुंपणाखालीच एकाचे घर आहे. हिवाळ्यात तो शीतनिद्रा घेतो, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीच्या घरातून चार-पाचांवर येतात, आणि वसंतात तो काहीच न घडल्यासारखा उठून गाजरांच्या वाफ्यात शिरतो. टोरांटोचे शल्यविशारद विल्फ्रेड बिगेलो यांनी याच प्राण्याचा अभ्यास केला होता. शरीर थंड केले की त्याची प्राणवायूची गरज उतरते. मग हृदय काही काळ थांबवून, उघडून, दुरुस्त करता येईल, हा विचार त्यांनी प्रयोगांनी १९५० च्या सुमारास मांडला. १९५२ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एका लहान मुलीला असेच थंड करून तिचे उघडे हृदय शिवण्यात आले. आता रक्त फिरविण्यास यंत्र असते. तरीही हृदय थांबविताना त्यात पोटॅशियमचा थंडगार द्रव सोडतात. हे सारे बंधूंनी वाचून काढले होते आणि तेलाविषयी सांगितले त्याच स्वरात ते आम्हांस सांगत होते. "म्हणजे मलाही कूलंट भरणार," ते म्हणाले. भावजय कपबशा गोळा करून आत गेली.

शेवटचे काम कागदाचे होते. मोटार झोपविताना जे जे काढले, कोंबले, सोडविले, त्याची यादी एका पुठ्ठ्यावर लिहून तो सुकाणूचक्राला टांगावा, अशी तिकडे जाणत्या लोकांची रीत आहे. कारण घासणीचा बोळा नळीत विसरून किल्ली फिरविली तर इंजिन गुदमरते. "तुझे अक्षर चांगले, तू लिही," असे बंधू म्हणाले. आम्ही पेन काढले आणि सहज विचारले, मागच्या वर्षीचा पुठ्ठा आहे का, म्हणजे त्यावरून उतरून घेऊ. बंधू म्हणाले, "मागचा नाही. मी कधी लिहिलाच नव्हता. मला पाठच आहे ते."

आम्ही काही बोललो नाही. कोणत्या भाषेत लिहू, एवढे मात्र विचारावे लागले. पुतणी व्हँकुव्हरला असते. ती मराठी छान बोलते, पण तिला वाचता येत नाही. बंधूंनी क्षणभर विचार केला आणि "इंग्रजीत लिही" असे सांगितले. मग ते सांगत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. प्रथम दोन्ही बोळे काढावेत. बॅटरी तळघरात डावीकडच्या फळीवर आहे. आधी धनाग्र जोडावे, मग ऋणाग्र. हवा पुन्हा २६ वर आणावी. ठोकळे काढावेत. बॉनेट उघडून उंदराचे घरटे पाहावे, आणि त्यात पिले असतील तर आठवडाभर थांबावे. प्रथम हळू चालवावी आणि ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहावेत, कारण तबकड्यांवर तांबेरा चढलेला असतो. मोटार केव्हा काढावी, यासाठी आम्ही तारखेची जागा रिकामी सोडली होती. परंतु बंधूंनी तारीख सांगितली नाही. बर्फ वितळले म्हणून लगेच काढू नये, असे ते म्हणाले. रस्त्यांवरचे मीठ तसेच असते. एप्रिलात दोन-तीन मोठे पाऊस पडू द्यावेत, रस्ते धुऊन निघावेत, आणि मग काढावी.

पुठ्ठ्याच्या माथ्यावर, जो कोणी ही मोटार बाहेर काढील त्यास, अशा अर्थाचे शब्द बंधूंनी घालावयास सांगितले होते, ते आम्ही घातले होते. दोरा घेऊन भावजय आली, तिने उभ्याउभ्याच पुठ्ठा वाचला, आमच्या हातून पेन घेतले, ते शब्द खोडले आणि तेथे बंधूंचे नाव लिहिले. बंधूंनी ते पाहिले. मग त्यांनी आम्हांस ताडपत्रीकडे बोट दाखविले. ही ताडपत्री कापडाची असते, प्लॅस्टिकची नव्हे, म्हणजे तिच्यातून हवा खेळते आणि आत घाम धरत नाही. मागच्या चाकाशी तिचा एक कोपरा वर राहिला होता. आम्ही खाली बसून तो ओढला आणि दोरी बांधली. गाठ आमच्या कोकणातली, ओढली की सुटणारी, म्हणजे एप्रिलात कोणास कात्री शोधावी लागू नये.